माधवापर्यंत

देवस्थानचं पत्र आलं तेव्हा मी कपाटातली पुस्तकं उन्हात मांडत होतो. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी शाईत देवाची मूर्ती. अन्नछत्राचा अमृतमहोत्सव होता. मी उभ्या उभ्याच वाचलं.

‘आपल्या मौलिक मार्गदर्शनामुळे संस्थेने स्वयंपाकगृहातील वस्त्रांबाबत काळाच्या पुढचे धोरण स्वीकारले. तत्कालीन किरकोळ अपघातानंतर आपण दाखवलेली आस्था संस्था विसरलेली नाही. सबब आपला रेशमी शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे योजिले आहे. संमती कळवावी.’ खाली अध्यक्ष म्हणून आबासाहेब मुजुमदारांची सही.

किरकोळ.

हातातलं पुस्तक मी खाली ठेवलं, नाहीतर फेकलं असतं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहून थांबलो. दुसरा कागद घेतला. त्यावरही नमस्कारच उमटला. मी भिडस्त माणूस आहे. भाजीवाल्यानं किडकं वांगं दिलं तरी घेऊन येतो. आपलंच काही चुकत असेल, असं मला आधी वाटतं. कागद फाडत राहिलो. समारंभाची तारीख येऊन गेली. पत्राला उत्तर गेलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. नदीकाठचं क्षेत्राचं गाव, देऊळ, देवळामागे अन्नछत्र आणि त्याला लागून स्वयंपाकिणींच्या खोल्या. अपघात झाला तेव्हा मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो.

एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात मथूताई खांबेटे येऊन उभ्या राहिल्या. हातात पितळी डबा. मथूताई आणि त्यांची धाकटी जाऊ इंदूताई, दोघी विधवा, अन्नछत्रात सोवळ्यानं देवाचा नैवेद्य करायच्या. आठवड्यापूर्वी पुरण घाटताना इंदूताई पेटल्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात होत्या. हात, मान, एक कान.

“मास्तर, तुम्हाला कापडातलं कळतं का?”

“थोडंफार... म्हणजे पुस्तकात आहे तेवढं.”

“तेवढं पुरे. आबासाहेबांना तेवढंही नाही.” त्यांनी डबा टेबलावर आदळला. “चिटणीस झाले म्हणून बसलेत लिहीत. इंदूचा पदर मोकळा होता, निष्काळजीपणानं पेटली, संस्थेचा संबंध नाही. पौर्णिमेच्या बैठकीत तिची खोली काढून घेणार. आता सांगा, ती दवाखान्यातून सुटली की जायचं कुठं? नदीत?”

डब्यात जांभळ्या कापडाचा एक गोळा होता. कडा काळ्या, काचेसारख्या कडक.

“दवाखान्यात तिच्या कमरेपासून कापून काढला. नर्स फेकत होती, मी मागून घेतला.”

मी चिमटा घेतला. कापडाचे दोन पदर एकमेकांवर होते, ते सोडवायला गेलो. सुटेनात. वितळून एक झाले होते.

“हा वरचा काठ बघा,” मथूताई म्हणाल्या. “रुंद. हा फक्त पदराला असतो. आणि खालच्या या कमरेच्या चुण्या. आता सांगा, मोकळा पदर कमरेत जाऊन चिकटेल कसा?”

मी गोळा पुन्हा पुन्हा उलटला. पदर खोचलेला होता. कापड जळून राख झालं असतं तर हे कुणालाच कळलं नसतं. वितळलं, म्हणून साक्ष राहिली.

“हे कापड कुठलं?”

“सोवळं म्हणे! रेशमी कद म्हणे! मुंबईचे पाव्हणे फोटो काढायला येतात ना, तर आम्ही सगळ्या एकसारख्या चकचकीत दिसायला हव्यात. आबासाहेबांनी गठ्ठाच आणला. पूर्वी आम्ही घरचं सुती नेसायचो. पहाटे ओलं पिळायचं, उंच दोरीवर काठीनं वाळत घालायचं, कुणी शिवायचं नाही. झालं सोवळं. सासूबाईंचा जन्म गेला त्यात, देव काही उपाशी राहिला नाही. तर आबासाहेब म्हणाले, सुती म्हणजे ओवळं, उद्यापासून बंद.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“इंदू बोलली. म्हणाली, हे अंगाला चिकटतं, चुलीपाशी तापतं. तर म्हणाले, चिकटत असेल तर अंग धुवा.”

सांगायला लाज वाटते, पण मी त्या क्षणी विचार केला तो हाच, की बैठकीत बोलायला मला जमेल का. मथूताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“घाबरू नका. तुम्ही फक्त जाळून दाखवा. बोलणं त्या कापडालाच करू दे.”

मथूताईंनी त्याच गठ्ठ्यातला कोरा तुकडा आणून दिला. शाळा सुटल्यावर मी दारं लावून कापडं जाळत बसलो. सुती, लोकर, आईच्या जुन्या पैठणीच्या काठातलं खरं रेशीम आणि हे जांभळं. सुतीही बऱ्यापैकी भराभर जळत होतं. ते पाहून माझा धीर सुटला. आबासाहेब नेमकं तेच धरणार. पण जांभळं कापड वेगळंच वागत होतं. त्यातला एक धागा वातीसारखा जळत होता आणि दुसरा तेलासारखा वितळून खाली गळत होता. माणसाला नेसवायची समई. हे लक्षात आलं तेव्हा मी चिमटा टेबलावर आपटला. भीतीनं नाही. मला वाटतं, तो राग होता. पण रागाशी माझी ओळख नव्हती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

बैठक सभामंडपाच्या माडीवर होती. पौर्णिमेची पूजा नुकतीच आटोपली होती, त्यामुळे विश्वस्त सगळे सोवळ्यातच, रेशमी मुकटे नेसून पाटांवर बसलेले. मध्ये आबासाहेब. शेजारी वृद्ध टोकेकरशास्त्री, देवाची पूजा त्यांच्याकडे. मी शाळेतून थेट आलेला, म्हणून ओवळा. मला उंबऱ्याजवळ वेगळं बसवलं. मनगटी घड्याळाचा पट्टा चामड्याचा, तो चपलांबरोबर जिन्याखाली काढून ठेवावा लागला. मथूताई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या.

“काय मास्तर, आज इथं शाळा भरवताय?” आबासाहेब हसले. “पाढे म्हणायला लावू नका म्हणजे झालं.”

सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. तोंडाला सवय असते.

“कापडं... किती वेगानं जळतात, ते दाखवायचं होतं.”

“मोठ्यानं बोला. देवालाही ऐकू येत नाहीये.”

“दाखवू द्या हो,” टोकेकरशास्त्री म्हणाले. “वेळ मोजणार कशानं? घड्याळ तर खाली.”

त्याचा मी विचारच केला नव्हता.

“असू दे. मी विष्णूची नावं म्हणतो. केशवापासून. संध्येत म्हणतो त्या लयीत. चालेल?”

स्पिरिटचा दिवा पेटवला. सारख्या मापाच्या पट्ट्या चिमट्यात धरून खालून ज्योत लावायची, एवढंच. पहिली लोकर. ज्योत काढताच शास्त्रीबुवांच्या केशव-नारायणातच ती विझली. मग रेशीम. आक्रसत, धुमसत वर चढलं आणि श्रीधराशी विझलं. केस जळल्याचा वास सुटला. राख मी बोटांत चुरडून दाखवली.

मग सुती. ते मात्र विझलं नाही. दामोदरापर्यंत नीट जळत गेलं.

“बघा!” आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “सुती पण जळतं की! मग त्या बायका सुतीसाठी का भांडत होत्या? मास्तर, तुम्ही तर आमचीच बाजू मांडलीत.”

पुन्हा हसू. मी मान खाली घालून जांभळी पट्टी चिमट्यात धरली.

“केशव,” शास्त्रीबुवा म्हणाले. “नारायण. माध—”

तिथंच थांबले. चिमट्यात एक काळी, वळलेली काडी राहिली होती. जळते थेंब पाटावर पडून तिथंही जळत होते. एक माझ्या अंगठ्यावर पडला. झटकला तरी सुटेना. दुसऱ्या हातानं ओढून काढला तेव्हा कातडंही आलं.

कुणी हसलं नाही.

“इंदूताईंच्या अंगावर असे थेंब नव्हते,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, तरी ओळखू आला नाही. “अंगभर कापडच होतं. आणि पदर मोकळा नव्हता. हा बघा, कमरेला वितळून चिकटलाय. खोचलेला होता.”

डबा मी पुढं सरकवला. शास्त्रीबुवांनी वाकून पाहिलं. आबासाहेबांनी पाहिलं नाही.

“मास्तर, एकच विचारतो,” आबासाहेब म्हणाले. “हे कापड रेशीम नाही?”

“नाही.”

“खात्रीनं?”

“खात्रीनं. धागा कृत्रिम आहे.”

“छान.” ते मागे रेलले. “म्हणजे दुकानदारानं संस्थेला फसवलं, हे सिद्ध झालं. पण मंडळी, नेसणाऱ्या बाईला रेशमाचा स्पर्श कळू नये? त्याचा अर्थ इतका काळ ही बाई ओवळ्यात देवाचा नैवेद्य करत होती. कळत असून. आता पदर खोचलेला होता की मोकळा, याला काय महत्त्व? देवाच्या चुलीशी ओवळ्यानं गेलं तर जे व्हायचं तेच झालं. खोली रिकामी करून घ्यावी आणि स्वयंपाकघराची शुद्धी करावी. मास्तरांचे आभार माना, त्यांनी डोळे उघडले.”

माझ्याच काडीनं त्यांनी तिला दुसऱ्यांदा पेटवलं होतं.

“कळत होतं!” दाराबाहेरून मथूताई ओरडल्या. “आणि तुम्हाला सांगितलंही होतं! तोंडावर सांगितलं होतं!”

“बायकांनी बैठकीत बोलू नये.”

“मग बायकांनी जळावं फक्त?”

“शिपायाला बोलवा रे कुणीतरी.”

त्यानंतरचं मी काही ठरवून केलं नाही. एवढं आठवतं, की मी उठलो, उंबरा ओलांडला आणि पाटांच्या रांगेत शिरलो. एका हातात चिमटा, दुसऱ्यात जळता दिवा.

“अहो, अहो मास्तर! शिवाल!”

“धागा द्या,” मी म्हणालो.

“कसला धागा?”

“तुमच्या मुकट्याचा. एक धागा. खरं रेशीम असेल तर केसाचा वास येईल, राख चुरडेल. दोन मिनिटांचं काम.”

“वेड लागलंय का तुम्हाला? मी पूजेहून आलोय, सोवळ्यात आहे!”

“तेच बघायचंय! आहात का?” आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. वर्गावरसुद्धा नाही. “तिला स्पर्शानं कळायला हवं होतं ना? मग तुम्हाला कळत असेलच. सांगा, नेसलाय ते रेशीम आहे की नाही? सांगा!”

आबासाहेब पाटावरून उठले आणि मुकट्याचा सोगा गोळा करत भिंतीकडे सरकले. मी शेजारच्याकडे वळलो. तोही उठला. एकेक करत सगळे उठले, चिमट्यापासून अंग चोरत, सोगे छातीशी धरत. ज्यांच्यासमोर मी उभ्या हयातीत मान वर केली नव्हती, ती माणसं एका चिमट्याला घाबरून भिंतीला पाठ लावून उभी होती. मला हसू आलं नाही. मला त्या सगळ्यांना पेटवावंसं वाटलं. हे लिहिलं पाहिजे, कारण खरं आहे.

एकटे टोकेकरशास्त्री बसून होते.

“इकडे या, मास्तर.”

त्यांनी आपल्या मुकट्याच्या काठाचा एक धागा दातानं तोडला आणि माझ्या चिमट्यात दिला. “हा संस्थेनंच दिलाय. दिवाळीला. नवा, रेशमी म्हणून.”

“शास्त्रीबुवा, याची काही गरज नाही,” आबासाहेब भिंतीजवळून म्हणाले.

“लावा.”

धागा ज्योतीजवळ नेला. केसाचा वास आला नाही. धागा आक्रसला आणि टोकाला एक काळा मणी तयार झाला. शास्त्रीबुवांनी तो हातात घेतला, दोन बोटांत चुरडायचा प्रयत्न केला. चुरडला नाही. त्यांनी तो तळहातावर ठेवला.

“हे नेसून मी आज गाभाऱ्यात गेलो,” ते म्हणाले. “देवाला हातानं न्हाऊ घातलं. आबासाहेब, मलाही स्पर्श कळला नाही. इंदू ओवळी, तर तिच्याआधी मी. पहिली माझी खोली रिकामी करा.”

शास्त्रीबुवा भिंतीला धरून उठले आणि नदीवर आंघोळीला निघून गेले. जाताना मथूताईंपाशी थांबले, काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आलं नाही.

खोलीचा विषय तहकूब झाला. तो पुन्हा कधी निघाला नाही. पुढच्या महिन्यात जांभळी कापडं नाहीशी झाली आणि स्वयंपाकिणींना सांगितलं, धुतलेलं सुती नेसा, काठीनं वाळत घाला. का, ते कुणी सांगितलं नाही.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा इंदूताई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. सगळं सांगितलं. खोली राहिली, हेही सांगितलं.

“आणि पदराचं?”

“मी दाखवलं त्यांना. खोचलेला होता म्हणून.”

“त्यांनी लिहिलं का तसं?”

मी उशाजवळचा पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

“मोकळा होता असं लिहिलेलं खोडलं का?”

“नाही.”

“वीस वर्षं चुलीपाशी उभी आहे, मास्तर. पदर मोकळा सोडून चुलीपाशी जाणारी बाई नाही मी.” त्यांना बोलताना मान दुखत होती, तरी बोलल्या. “खोली असू द्या त्यांची त्यांना. हे खोडायला हवं होतं.”

इंदूताईंची बोटं चिकटली ती चिकटलीच. तरी त्या परत आल्या, त्या खोलीत राहिल्या, मुठीनं पोळ्या लाटायला शिकल्या. देवळात येताजाता आबासाहेब त्यांना “काय इंदूताई, बरं आहे ना?” असं विचारायचे. त्या कधी उत्तर द्यायच्या नाहीत. मथूताई द्यायच्या. “तुमच्या कृपेनं जिवंत आहे!”

त्यानंतर शास्त्रीबुवा गेले. मथूताई थकल्या. ते सोनेरी पत्र आलं, मी ते पुस्तकात ठेवलं, समारंभ झाला. पेपरात फोटो पाहिला. स्वयंपाकिणींची रांग एकसारख्या सुती लुगड्यांत, मध्ये आबासाहेब. इंदूताई त्यात नव्हत्या.

गेल्या महिन्यात इंदूताई गेल्या. म्हातारपणानं, झोपेत. मी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते. देवस्थानचा कारकून एक पुडकं घेऊन आला.

“अध्यक्षांनी पाठवलंय. अंगावर घालायला. रेशमी महावस्त्र आहे, संस्थेतर्फे.”

पुडकं उघडलं. जांभळं नव्हतं, हिरवं होतं. उन्हात चकाकत होतं. मथूताई भिंतीला धरून उठल्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी कापडावरून हात फिरवला, एकदाच, आणि ते उचलून अंगणात भिरकावलं.

“हे? हे घालून जाळता तिला? पुन्हा?”

“अहो मथूताई, मेलेल्या माणसाला आता काय...”

“चालता हो! तुझ्या अध्यक्षाला घाल जा!”

तिला तिचंच धुतलेलं सुती लुगडं नेसवलं. पदर कमरेला खोचला. नीट खोचला गेला का, ते मथूताईंनी हात लावून पाहिलं.

घरी येऊन मी कागद घेतला. या वेळी नमस्कार लिहिला नाही. पाचच ओळी झाल्या.

‘आपले सत्काराचे पत्र पोचले होते. आपण ज्याला किरकोळ अपघात म्हणता, त्याचे नाव श्रीमती इंदुमती खांबेटे. त्यांचा पदर खोचलेला होता. आपल्या दप्तरात मोकळा असे लिहिले आहे ते खोडावे आणि खोचलेला असे लिहून खाली आपली सही करावी. पुरावा सोबत आहे.’

पितळी डबा माझ्याकडेच होता. जांभळा गोळा मी पाकिटात घातला. पाकीट फुगलं. पोस्टात नेलं तर खिडकीवरच्या मुलीनं ते हातात घेऊन चाचपलं.

“आत काय आहे, काका? कडक लागतंय.”

“पदर आहे,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, वजन केलं, तिकिटं लावली. मी तिथंच उभा राहिलो. तिनं शिक्का मारून पाकीट पोत्यात टाकेपर्यंत हललो नाही.